घाट चढताना गिअरबॉक्स किती तापलाय?

ऑटोमॅटिक पिकअप घेऊन कोकणातून घाटावर जात असाल, तर गिअरबॉक्स ऑइलचं तापमानही बघत जा. सपाटीला ते साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस राहतं. मे महिन्यात पेट्या भरून आंबा घाट चढताना 100-105 दिसलं तर घाबरू नका. 110 च्या वर जायला लागलं की मात्र गाडी रेटू नका. मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घ्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) कमी तापतो. 120 ला पोचलं तर सुरक्षित जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. ही चूक फार जण करतात. गिअर पार्कमध्ये (P) टाकून इंजिन चालू ठेवलं की ऑइल त्याला गार करणाऱ्या कूलरमधून फिरत राहतं.

पावसाळ्यात तापमान उशिरा चढतं, ते ठीक. खरी भीती पाण्याची. गाडी पुरात उभी होती? मग ऑइल तपासल्याशिवाय चालू करू नका. लालऐवजी दुधाळ गुलाबी दिसलं की पाणी शिरलंय समजा.

आणि हो, जांभ्याची तांबडी माती कूलरच्या जाळीत सुकून बसते. ती पाण्याच्या हलक्या धारेनेच काढा, जोराच्या फवाऱ्याने नाजूक पट्ट्या वाकतात.