पेरूजात चढ टाळून खाद्यभ्रमंती

इटलीतील पेरूजा हे शहर डोंगरमाथ्यावर वसलेले असल्याने खाण्यासाठी पायी हिंडणाऱ्याची निम्मी दमछाक चढावरच होते. रेल्वेने आल्यास फोंतिवेज्जे या रेल्वे स्थानकाहून मिनीमेट्रो या छोट्या शहरी गाडीने थेट वर जुन्या शहरातील पिंचेत्तो थांब्याला जावे. दुपारच्या जेवणाच्या वेळेत तोर्ता आल तेस्तो, म्हणजे भाकरीसारखी जाड, गोल पोळी, मधोमध चिरून आत चीज व परतलेली पालेभाजी भरून घ्यावी. ती गरम असतानाच खावी. मग कोर्सो वान्नुच्ची या मुख्य रस्त्यावरून रमतगमत रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातील सरकत्या जिन्यांनी पायथ्याकडे उतरावे (ही वाट मुद्दाम पाहावी अशीच आहे). शाकाहारींनी मात्र पिठात ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, घातली आहे का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच विचारावे.