ट्रंकेत जुनं पासबुक सापडलं? आधी बँकेची वंशावळ काढा

गणपतीत गावी गेलं की कोणीतरी माळ्यावरची ट्रंक उघडतोच आणि त्यातून आजोबांचं पासबुक निघतं. आमचं निघालं ते कसरीने अर्धं खाल्लेलं, पानं दमटून चिकटलेली. अशी पानं ओढून सोडवू नका हां, सावलीत सुकू द्या, नाहीतर शेवटची एन्ट्रीच फाटते आणि कामाची तीच असते.

आता बघा तीन गोष्टी, बँकेचं नाव, शाखेचा शिक्का, शेवटची तारीख. मी हे न बघताच एका ब्रँचमधे गेलो आणि काउंटरवाला म्हणाला 'अहो ही बँक बंद पडली'. बंद कसली, ती दुसरीत विलीन झालेली!

इम्पीरियल बँक असेल तर सोपं, १९५५ मधे तिचीच स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ ला ५० कोटींवर ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, १९८० ला आणखी ६, पण तेव्हा मालक बदलला, नावं बहुतेक तीच राहिली. खरा घोळ नंतरचा. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मधे आयडीबीआयमधे गेली, सांगली बँक २००७ मधे आयसीआयसीआयमधे, देना आणि विजया २०१९ ला बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट २०२० ला कॅनरात, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती रत्नागिरी सिंधुदुर्ग ग्रामीण बँकेत. तिची झाली वैनगंगा कृष्णा, मग २०१३ ला विदर्भ कोकण, आणि मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक, म्हणजे पासबुक एक आणि ब्रँचवरच्या पाट्या चार.

वंशावळ लागली की आजच्या बँकेत जा आणि जुना खाते नंबर दाखवून नवीन कोणता झाला ते शोधून द्या म्हणा, कॉम्प्युटर आले तेव्हा नंबर बदललेत. १० वर्षं खात्यात व्यवहार नसेल तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, पण बुडत नाहीत, क्लेम मात्र त्याच बँकेतून करायचा. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून आधी घरबसल्या बघता येतं, सगळ्या बँका तिथे नाहीत, आणि स्पेलिंग तीन चार तऱ्हेने टाकून बघा, आपल्या चव्हाणांची इंग्रजीत किती रूपं आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. जाताना मृत्यूचा दाखला आणि वारसांची ओळखपत्रं घ्या. नॉमिनी लावलेला असेल तर निम्मी कटकट वाचते, नसेल तर मुंबईतल्या काकाची सहीपण लागेल, तो गणपतीला आलाय तोवरच घेऊन टाका.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी शिक्का नीट वाचा. चाकरमान्यांची मनीऑर्डर पोस्टात यायची, त्यामुळे ट्रंकेतली बरीच पासबुकं पोस्टाची असतात, मग बँकेत जाऊच नका, सरळ पोस्टात चौकशी करा.