ओझोनचं भोक भिंतीवर कसं मांडायचं

आमच्या कोल्हापुरात गणपतीचे ढोल सुरू झाले की माझ्या नववीच्या वर्गात भिंतीवर एक आलेखकागद लागतो. पोरं त्यावर रोज एक टिंब देतात: अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या भोकाचं त्या दिवशीचं क्षेत्रफळ. लागतं काय? मोबाईल, पट्टी आणि शिसपेन्सिल.

आकडे नासाच्या ‘ओझोन वॉच’वर फुकट मिळतात. ते दशलक्ष चौरस किलोमीटरमध्ये असतात. भारत साधारण 3.3 दशलक्ष, म्हणून पोरं लगेच भागाकार करून ‘सर, आज सहा भारत!’ असं ओरडतात. ओरडू द्या.

त्याआधी ओझोनचा थर मोजायचं डॉबसन एकक समजावा. डोक्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर 300 डॉबसनचा थर भरतो जेमतेम 3 मिलिमीटर. मिसळीवर कटाचा तवंग येतो, तेवढाच म्हणा. पोरं विसरत नाहीत. आकडा 220 च्या खाली गेला की तो भाग भोकात धरायचा. म्हणजे भोक आरपार नसतं, तवंग पातळ झालेला असतो.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी 1987 च्या ऑगस्टमधला उपग्रहाचा नकाशा पडद्यावर लावला. ध्रुवाभोवती गोल रिकामी जागा होती. ‘हे बघा भोक,’ म्हणून मी मोकळा. मागच्या बाकावरनं आवाज आला, ‘सर, मग ऑक्टोबरच्या नकाशात ते बुजलं कसं? आणि शेजारी निळं एवढं कशानं पसरलं?’ घरी जाऊन वाचलं तेव्हा उलगडलं. तो उपग्रह हवेतून परत फिरलेलं सूर्याचं अतिनील किरण मोजतो. ओझोननं किती गिळलं, यावरून थर काढतो. ऑगस्टात ध्रुवावर रात्रच असते. ऊनच नाही तर मोजणार काय? रिकामं वर्तुळ म्हणजे अंधार. खरं भोक त्या निळ्या-जांभळ्यात, म्हणजे ओझोन कमी असलेल्या भागात. तेव्हा नकाशा लावताना तारीख आणि रंगपट्टी आधी बघा. 2004 साली सोडलेल्या ‘ऑरा’ उपग्रहावरचं एक यंत्र हवेतूनच निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपतं, त्याला अंधाराची अडचण नाही.

ऊन परतल्यावरच भोक का वाढतं, हेही इथंच सांगून टाका. हिवाळ्यात उणे 78 अंशांखाली तिथं वर ढग धरतात, त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळा व्हायला तयार होतो, आणि ऊन लागलं की ओझोनवर तुटून पडतो.

दोन वर्षांची तुलना करताना एका दिवसाचा आकडा घेऊ नका, वाऱ्यानं तो हलतो. 7 सप्टेंबर ते 13 ऑक्टोबरची सरासरी घ्या. 2019 चं भोक बरंच लहान दिसेल. पोरं टाळ्या वाजवतील, थांबवा त्यांना. त्या वर्षी वरची हवा अचानक तापली, म्हणून ते लहान राहिलं. 2002 मध्ये तर अशाच उबेनं भोकाचे दोन तुकडे झाले होते. क्लोरीन हळूहळू कमी होतोय, तो सोडणाऱ्या वायूंना आळा घालणाऱ्या 1987 च्या माँट्रियल करारामुळं, पण ते ओळखायला एक वर्ष पुरत नाही, दशकं लागतात.

जुन्या वर्षांचा आलेख काढताना 1995 ला आकडा सापडणार नाही. आधीचा उपग्रह 1994 अखेर बंद पडला, पुढचा 1996 ला गेला. ती जागा रिकामीच ठेवायची. एका पोरीनं पट्टी लावून दोन्ही टोकं झक्कास जोडली होती. खोडरबर देऊन पुसायला लावलं.