मिनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना आणि ओढताना

मिनी ट्रॅक्टर घेतला की पहिला प्रश्न येतो, ‘किती टन ओढतो?’ विचारायला हवं, किती टन थांबवतो. १८ ते २८ एचपीचा ट्रॅक्टर लो गिअरला सपाट रस्त्यावर स्वतःच्या तिप्पट वजन ओढून नेईल. पण थांबायची वेळ आली की एचपी उपयोगी पडत नाही. तिथं ट्रॅक्टरचं वजन आणि टायरची पकड, एवढंच हाताशी असतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रानात ही गोष्ट लवकर ध्यानात येत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा भागातल्या उताराच्या पाणंदीत मात्र पहिल्याच पावसात येते.

आधी वजनाचा हिशेब

ट्रॅक्टरचं रिकामं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते १००० किलोंच्या दरम्यान असतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर मालासकट ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या वर जाऊ देऊ नये. ही मर्यादासुद्धा कोरड्या, सपाट रस्त्यासाठी आणि बेताच्या वेगासाठी आहे. चढउताराच्या किंवा ओल्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या वजनाएवढीच ट्रॉली धरा. कंपनीच्या पुस्तकात याहून कमी आकडा असेल तर तोच पाळायचा.

एक उदाहरण बघू. ट्रॅक्टर ८०० किलोंचा, म्हणजे भरलेली ट्रॉली जास्तीत जास्त १२०० किलो. रिकामी ट्रॉली ५०० किलो भरली तर मालाला उरतात ७०० किलो. आता ट्रॉलीचा हौदा ८ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर त्यात ४८ घनफूट, म्हणजे जवळपास अर्धा ब्रास माल मावतो. वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. तेव्हा हौदा काठोकाठ भरला तर नुसती वाळूच दोन टनांच्या पुढे गेली. ७०० किलोंत बसवायची तर वाळूचा थर जेमतेम अर्धा फूट येतो. युरियाची ४५ किलोंची पोती १५ बसतात, तीन किलोंच्या विटा सव्वादोनशे. शेणखत हलकं, पण पावसात भिजलेलं असेल तर तेही हौदाभर नेता येत नाही.

‘हौदा भरला म्हणजे खेप झाली’ ही सवय इथंच अंगाशी येते. हौद्याच्या आतून वाळू-मुरमासाठी रंगाची एक रेघ मारून ठेवा आणि मजूर भरणार असतील तर ती त्यांना दाखवून द्या. रिकाम्या ट्रॉलीचं वजन एकदा वजनकाट्यावर करून ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर लिहिलं की दर वेळी अंदाज बांधत बसावं लागत नाही.

कुठं जोडायची

ट्रॉली जोडायची ती ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या लोखंडी पट्टीला, मागच्या धुऱ्याच्या (चाकांच्या अक्षाच्या) मध्यापेक्षा खाली. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी, धुऱ्याच्या नळीला किंवा सीटखालच्या कुठल्याही ब्रॅकेटला साखळी वा दांडा अडकवू नये. ओढ धुऱ्याच्या वर लागली आणि ट्रॉली अडकली, की मागची चाकं जागेवर राहून ट्रॅक्टर त्यांच्याभोवती उलटा फिरतो. पुढची चाकं उचलल्यापासून पाऊण सेकंदात तो अशा जागी पोचतो की क्लच दाबूनही परत येत नाही. ‘उचलला तर बघू’ म्हणायला सवडच नसते.

मिनी ट्रॅक्टरवर आणखी एक खोड दिसते. ड्रॉबार नसतो किंवा काढून ठेवलेला असतो, आणि दोन लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दांड्यांच्या) मध्ये भोकांचा पट्टा टाकून त्यालाच ट्रॉली जोडलेली असते. पट्टा वापरायला हरकत नाही. पण त्याला दोन्ही बाजूंनी वरपर्यंत घट्ट तणावे (आधाराच्या पट्ट्या) हवेत आणि चेक चेन, म्हणजे लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, ताणलेल्या हव्यात. तणावे नसले तर खड्ड्यात पट्टा गोल फिरतो आणि पिन तिरकी होते. हात चुकून लिफ्टच्या लिव्हरला लागला तर पट्टा वर उचलला जातो आणि ओढीची रेघ पुन्हा धुऱ्याच्या वर जाते. शक्य असेल तर ठाम ड्रॉबारच बसवून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा गावच्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे हे काम होतं. मात्र ट्रॅक्टरच्या मूळ बोल्टांच्या जागीच बसवायला सांगा, धुऱ्याच्या घरावर वेल्डिंग करू देऊ नका.

ड्रॉबार डावीकडे-उजवीकडे हलणारा असेल तर रस्त्यावर जाण्याआधी तो मधोमध आणून दोन्ही बाजूंनी पिनांनी अडकवा. उंची अशी ठेवा की जोडल्यावर ट्रॉलीचा तळ सपाट दिसेल.

पिन

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. पिन भोकात सैल खुळखुळत असेल तर प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक उठावाला हातोडीसारखा दणका बसतो. भोकं लांबट होत जातात आणि एक दिवस दांड्याच्या टोकाचं कडं फाटतं. सळईचा तुकडा किंवा सापडला तो बोल्ट पिन म्हणून घालू नका: सळई वाकते, बोल्टच्या आट्यांपासून तडा सुरू होतो. डोकं असलेली, भोकाला बरोबर बसणारी पिन वरून खाली घालायची आणि खाली आर क्लिप किंवा लिंच पिन (पिन निसटू न देणारी अडकण) लावायची. क्लिपच्या जागी तार गुंडाळली तर पाणंदीच्या खड्ड्यांत ती सुटून पिन वर उडी मारते.

पिन काढून महिन्यातून एकदा हातात घ्या आणि मध्यभागी बोट फिरवा. कडं बसतं तिथं खाच लागली, किंवा पिन सपाट फरशीवर घरंगळताना डुगडुगली, की बदलायची वेळ झाली. दांड्याच्या कड्याची आतली बाजूही बघा. ती झिजून पातळ होते आणि ग्रीसमुळे ते दिसत नाही.

जोडायची पद्धत

ट्रॉली सपाट जागी उभी असावी, दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. दांडा जॅकवर ड्रॉबारच्या उंचीला आणून ठेवायचा, हातानं उचलत बसायचं नाही. ट्रॅक्टर सरळ रेषेत, अगदी हळू मागे घ्या. मदतीचा माणूस बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहील. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि दांड्याच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. क्लचवरचा पाय सटकला तर तिथला माणूस चेंगरतो. भोकं जुळत आली की न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि मगच माणूस आत जाऊन पिन घालेल.

भोकं बोटानं चाचपून बघायची सवय अनेकांना आहे. बोटं तिथंच जातात. चाचपायचं असेल तर पान्याच्या दांड्यानं.

क्लिपनंतर सुरक्षा साखळी. ती भरलेल्या ट्रॉलीचं पूर्ण वजन पेलणारी हवी. दोन साखळ्या असल्या तर दांड्याखालून फुली करून लावा, म्हणजे पिन तुटली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळीत झुलतो. वळताना ताणणार नाही एवढीच ढील द्या, जमिनीला घासू देऊ नका. डंपिंग ट्रॉली असेल तर हायड्रॉलिक पाईपची कपलर फडक्यानं पुसूनच लावा, मातीचा कण आत गेला की व्हॉल्व्ह गळायला लागतो. लाईटची वायर जोडा, जॅक पूर्ण वर उचलून अडकवा, ठोकळे काढा. पाच-सहा फूट पुढे जाऊन ब्रेक दाबा, उतरा आणि पिन, क्लिप पुन्हा बघा.

माल कसा भरायचा

दोन चाकी ट्रॉलीत वजनाचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा ड्रॉबारवर यायला हवा. म्हणून जड माल ट्रॉलीच्या धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवायचा. माल मागे गेला तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक लावला तरी ती नुसती घसरतात. फार पुढे गेला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग पाणी होतं. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा. कमी पडत असेल तर पुढे वेट (लोखंडी वजनं) लावा. उतरवताना मात्र मागून सुरुवात करा. पुढचा माल आधी काढला तर तोल मागे जातो.

ऊस, वैरण, पाचट यांचं वजन बेताचं असतं, पण उंची चढते. मिनी ट्रॅक्टरची ट्रॉली अरुंद असल्यामुळे ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा उंच रचू नका, आणि दोर आडवे-उभे दोन्ही बांधा.

उतार

दहा फुटाला एक फूट उतरणारी पाणंद घ्या, पावसात भिजलेली. चालकासह ट्रॅक्टर ८५० किलो, ट्रॉली मात्र सपाट रस्त्याच्या हिशेबानं भरलेली, १२०० किलो, एकूण २०५० किलो. उतार या सगळ्याला २०५ किलोंच्या जोरानं खाली ढकलतो. मिनी ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्याच चाकांना असतात. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे ५१० किलो आणि दांड्याचे १२० किलो, असे ६३० किलो. ओल्या मुरमावर पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्शाची धरली तर २१० किलो होतात. ढकल २०५, पकड २१०: आहे त्या वेगानं उतरण्यापुरती पकड आहे, थांबण्यापुरती नाही. चिकणमातीवर तेवढीही मिळत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह लावला की पुढची चाकंही गिअरमधून मागच्यांना बांधली जातात आणि ब्रेकला आणखी सुमारे ११० किलोंची पकड मिळते. म्हणून फोर व्हील चढाला जेवढा लागतो, त्याहून जास्त उताराला लागतो. उतार संपून कोरडा डांबरी रस्ता लागला की तो काढा, नाहीतर टायर आणि गिअर झिजतात.

उतार सुरू होण्याआधी थांबून लो गिअर टाका, साधारणपणे जो गिअर तो चढ चढायला लागेल तोच. मध्ये गिअर बदलू नका, क्लच दाबू नका, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नको: क्लच दाबल्याक्षणी इंजिनाचा रोध संपतो आणि ट्रॉली ढकलायला लागते. ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं जोडलेले असावेत. सरीतून वळायला सोडलेली पट्टी रस्त्यावर येताना लावायची राहिली आणि ब्रेक दाबला, की एकच चाक धरतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं फिरवते. वळणाच्या आधीच वेग कमी करा. ट्रॉली बाजूनं ढकलते आहे असं वाटलं तर ब्रेक हळू सोडा, तोंड सरळ करा आणि मग पुन्हा थोडा थोडा दाबा.

करूळ, भुईबावडा, फोंडा यांसारख्या घाटांत बिनब्रेकची भरलेली ट्रॉली मिनी ट्रॅक्टरला जोडून उतरू नये. तिथं टेम्पो करा.

रस्त्यावर

भरलेल्या ट्रॉलीला ताशी १५ किलोमीटर पुरे. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. गळिताच्या हंगामात रात्री रस्त्यावर उभ्या किंवा संथ ट्रॉलीला मागून दुचाकी धडकते, कारण मालाच्या आड ट्रॅक्टरचे लाईट झाकले जातात. ट्रॉलीला स्वतःचे मागचे लाईट, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) पूर्ण रुंदीला रेडियमची पट्टी हवी. ऊस मागे लोंबत असेल तर शेवटच्या टोकाला लाल कापड, रात्री लाल दिवा. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी करावी लागते, तेव्हा नंबर तिचा तिच्यावर. दांड्यावर किंवा मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पोरांना तर मुळीच नाही. दांड्यावरून घसरलेला माणूस सरळ ट्रॉलीच्या चाकाखाली जातो. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर तो उभा आणि सीटबेल्ट लावलेला. रोलबार नसेल तर बेल्ट बांधू नका.

रुतल्यावर

काळ्या रानात चाक फिरत राहिलं की थांबा. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावून एकदा सरळ प्रयत्न करा, नाही जमलं तर अर्धा माल उतरवा किंवा पिन काढून ट्रॅक्टर आधी एकटा बाहेर काढा. मागच्या चाकाला लाकूड बांधून पुढे जाऊ नका. चाक अडतं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर साखळी ड्रॉबारलाच, झटका न देता, आणि बघे साखळीच्या लांबीहून लांब.

डंपिंग आणि सोडणं

हौदा उचलायचा तो सपाट, टणक जागी, वर वीजेची तार नाही हे बघून, आणि आधी फाळका उघडून. ओली मळी किंवा चिकणमाती हौद्याच्या पुढच्या भागाला चिकटून राहते. सगळं वजन वर राहिलं की ट्रॉली आडवी होते. अशा वेळी झटके देऊ नका, हौदा खाली घ्या आणि खोऱ्यानं सोडवा. उचललेल्या हौद्याखाली ग्रीस करायला जायचं असेल तर लोखंडी टेकू लावूनच, नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर नाही.

सोडताना क्रम असा: चाकांना ठोकळे, जॅक फळीवर टेकवून दांड्याचा भार त्यावर, हायड्रॉलिकचा दाब सोडून पाईप, मग वायर, साखळी आणि शेवटी पिन. पिन जोर लावून उपसावी लागत असेल तर दांड्यावर ताण आहे, ट्रॅक्टर दोन इंच मागेपुढे घ्या. ट्रॉलीत मागे माल राहिला असेल तर पिन निघताच दांडा उसळून तोंडावर येतो, म्हणून आधी हौद्यात डोकवा आणि पिन काढताना दांड्याच्या वर वाकू नका. पाईपच्या टोकांना टोपणं लावा, आणि पिन क्लिपसकट ड्रॉबारमध्येच परत घालून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला सळई शोधावी लागत नाही.