लष्करी हद्दीतला रस्ता आणि राज्याचा कायदा: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

आधी एकच सांगते. छावणीतून (कॅन्टोन्मेंटमधून) जाणाऱ्या रस्त्याची फाइल हातात आली की सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड बाजूला ठेवा. सवयीने आपण तलाठी आणि सिटी सर्व्हेच्या दारात जाऊन उभे राहतो आणि त्यातच महिने उलटतात. माझेही उलटले.

घटनेची सातवी अनुसूची तुम्ही वाचलेली असेलच. रस्ते राज्य सूचीत, नोंद 13. स्थानिक स्वराज्य संस्थाही राज्य सूचीत, नोंद 5. तेवढ्यावर वाटतं की महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 किंवा महानगरपालिका अधिनियम, 1949 घेतला, मोजणी लावली, की काम सुरू. पण केंद्र सूचीतल्या नोंदी 3 आणि 4 सुद्धा वाचा. छावण्यांचं क्षेत्र ठरवणं आणि तिथलं स्थानिक स्वराज्य नोंद 3 मध्ये, लष्करी बांधकामं नोंद 4 मध्ये. म्हणून पुण्यात महापालिकेचा रस्ता कॅम्पात, म्हणजे छावणीत, शिरला की कायदा बदलतो, डांबर तेच असलं तरी. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी या सगळ्या छावण्यांना छावणी अधिनियम, 2006 लागू. रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे छावणी बोर्डाचं, म्हणजे छावणीच्या स्थानिक स्वराज्य संस्थेचं, कर्तव्य कलम 62 मध्ये दिलेलं आहे.

आता ज्यात मी अडकले ते. हे सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

छावणीतल्या जमिनीची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते, म्हणजे सगळे म्हणतात ती जीएलआर. 1937 च्या छावणी जमीन प्रशासन नियमांनी जमिनीचे वर्ग पाडले आहेत. ए-1 म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली. ए-2 म्हणजे आज वापरात नाही, पण लष्करासाठी राखलेली. बी-1 केंद्राच्या दुसऱ्या खात्याकडची, बी-2 राज्य सरकारकडची, बी-3 भाडेपट्ट्याने किंवा जुन्या ग्रँटने (मालकी सरकारची, ताबा खाजगी) खाजगी लोकांकडे असलेली, बी-4 उरलेली मोकळी. आणि सी म्हणजे बोर्डाकडे निहित. रस्त्याचा सर्व्हे नंबर यांतल्या कुठल्या वर्गात आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. सी असेल तर बोर्डाच्या सीईओकडे जायचं. ए-1 असेल तर रस्ता एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, तिथल्या गॅरिसन इंजिनिअरच्या हाताखालचा, आणि परवानगीची वाट स्टेशन हेडक्वार्टरमधून, म्हणजे लष्कराच्या स्थानिक मुख्यालयातून. बी-2 असेल तर नशीब, काम निम्मं झालं.

गोम अशी की एकाच सरळ रस्त्याचे तीन तुकडे तीन वर्गांत असू शकतात. नाक्यापर्यंत सी, भिंतीलगत ए-1, पुढे पुलापाशी बी-2. साइटवर उभं राहून ते दिसत नाही. आणि ‘गेली वीस वर्षं पीडब्ल्यूडीच खड्डे बुजवते, म्हणजे रस्ता पीडब्ल्यूडीचा’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येईल. खड्डे बुजवल्याने मालकी येत नाही. दुरुस्ती कोण करतं आणि जमीन कुणाची, हे दोन वेगळे रकाने तुमच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा. आमच्या तक्त्यात एकच होता. तयार आराखडा घेऊन गेलो आणि रुंदीकरणातला मधला पट्टा ए-1 निघाला.

त्याहून वर एक तपासणी. ती छावणी आहे की नुसतं लष्करी स्थानक? स्थानकात बोर्ड नसतं, म्हणून 2006 च्या अधिनियमातली कलमं तिथे चालत नाहीत. लोहगावच्या हवाई दलाच्या तळाला खडकीचा नियम लावू नका. छावणीबाहेरच्या लष्करी जमिनींचं रजिस्टरही वेगळं, मिलिटरी लँड रजिस्टर.

घाबरू नका. वर्ग एकदा कळले की बाकी बरंचसं टपालाचं काम आहे. लष्कराकडची जमीन राज्याला रुंदीकरणासाठी हवी असेल तर राज्याच्या कायद्याने संपादनाची नोटीस काढून ती मिळत नाही, संरक्षण मंत्रालयाकडे मागावी लागते. बदल्यात तेवढ्याच किमतीची जमीन किंवा लष्करासाठी तेवढ्या किमतीची बांधकामं द्यायची असतात. औपचारिक हस्तांतराआधी काम सुरू करायला ‘वर्किंग परमिशन’ असते, तिच्या अटी ओळ न ओळ वाचा. तेलंगणाने सिकंदराबादच्या उन्नत मार्गांसाठी वर्षानुवर्षं हेच केलं आणि परवानगी 2024 मध्ये मिळाली. एका राज्य सरकारला इतका वेळ लागतो, तेव्हा तुमची फाइल सहा महिने हलली नाही तर तो तुमचा नाकर्तेपणा नव्हे.

रस्ता बंद करण्याचा प्रश्न निघाला तर कलम 258. सुरक्षेचं कारण असलं तरी रस्ता कायमचा बंद करण्याआधी जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशभरातल्या छावण्यांमधले बंद रस्ते खुले करायला सांगितले, तेव्हा या कलमाची चर्चा रस्त्यावर आली.

लायझनिंगवाल्यांबद्दल, म्हणजे कार्यालयांत ओळखीने काम करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल, माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. ‘साहेबांशी बोलतो’ म्हणणाऱ्याने जीएलआरचा उतारा कधी आणून दिला नाही. गुरू हवा असेल तर डीईओ (डिफेन्स इस्टेट्स ऑफिसर, लष्करी जमिनी सांभाळणारा अधिकारी) कार्यालयातून निवृत्त झालेला सर्व्हेअर शोधा. चहा पाजा, जुनी नकाशाची शीट पुढे ठेवा, गप्प बसा. आमच्या त्या काकांनी दुसऱ्याच भेटीत शीटवरच्या एका पुसट रेषेवर बोट ठेवून विचारलं होतं, ‘ही नाली कुणाची लिहिलीय बघ.’ नालीची नोंद वेगळ्या सर्व्हे नंबरात निघाली आणि पूर्ण लांबीचा वर्ग पुन्हा तपासावा लागला. यूट्यूबवरच्या ‘छावणी कायदा दहा मिनिटांत’वाल्यांना नाली माहीत नसते.

आणि छावणीचा नागरी भाग वगळून शेजारच्या पालिकेत टाकण्याचं चालू आहे. हिमाचलातली योल 2023 मध्ये वगळली गेली. तुमच्या रस्त्याचा भाग वगळला जाणार असेल तर कलम 4 खालची अधिसूचना निघेपर्यंत आजचाच कायदा धरा. निघाली की तिच्यातल्या सर्व्हे नंबरांची यादी तुमच्या तक्त्याशी लगेच ताडून बघा. ए-1चे तुकडे लष्कराकडेच ठेवून बाकीचे सोडले असतील, तर तुमच्या रस्त्याला दोन कायदे लागतील.