थोड्या भांडवलात क्राफ्ट बिअर : नागपुरातून सुरुवात कशी करावी

क्राफ्ट बिअरचा, म्हणजे लहान प्रमाणावर खास चवीची बिअर करण्याचा, उद्योग सुरू करू पाहणारे बहुतेक जण प्रथम चकचकीत स्टीलच्या टाक्यांचे दरपत्रक मागवतात, आणि त्यांच्या मोजक्या पैशाची पहिली उधळण तिथेच होते. टाकी ही या धंद्यातील सर्वांत शेवटी घेण्याची वस्तू आहे. भांडवल कमी असेल तर ते आधी शिकण्यावर, पाण्यावर आणि थंडाव्यावर खर्च करावे आणि टाक्या शक्य तितके दिवस दुसऱ्याच्या वापराव्यात.

प्रथम कायदा. मद्यनिर्मिती हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असून महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते घरच्या स्वयंपाकघरात आणि केवळ स्वतःच्या चवीसाठी का असेना, गुन्हा आहे. त्यामुळे परदेशातील पुस्तकांत दिसणारी ‘आधी घरी वीस लिटर करून पाहा’ ही वाट इथे बंद आहे. शुल्क आणि अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून ऐकीव आकड्यांवर न विसंबता राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयातून चालू नियमांची प्रत घ्यावी, आणि जागेचा भाडेकरार करण्यापूर्वीच घ्यावी. भाडे सुरू झाले आणि परवाना रेंगाळला, तर भांडवल कुलूपबंद खोलीतच संपते. बिअर जीएसटीच्या बाहेर आहे, हे ऐकून अनेकांना बरे वाटते; प्रत्यक्षात यंत्रे आणि माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव) घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो सगळा खर्चात जातो, आणि विक्रीवर व्हॅट व उत्पादन शुल्क असतेच. बाजारपेठेचा अंदाज बांधताना शेजारचा नकाशाही पाहावा : वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत.

घरी करता येत नाही, तर शिकायचे कुठे? पुण्यात 2009 मध्ये दुलाली सुरू झाल्यापासून तिथे मायक्रोब्रुअरींची, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरींची, चांगली परंपरा तयार झाली आहे. अशा ठिकाणी सहा महिने मदतनीस म्हणून राहण्याइतके उत्तम शिक्षण दुसरे नाही. त्या सहा महिन्यांत बिअर करण्यापेक्षा टाक्या धुण्याचेच काम अधिक मिळेल, याची तयारी ठेवावी, कारण खरा धंदाही तसाच आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे रीतसर शिक्षणही मिळते. घरी मात्र अर्धा अभ्यास निर्धास्तपणे करता येतो. भरडलेले माल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे, गाळावे आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) घालून तासभर उकळावे. साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट घालण्यापूर्वीचा हा गोड काढा, म्हणजे वर्ट, मद्य नसते. किती माल्टातून किती साखर उतरली हे हायड्रोमीटरवर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहून वहीत नोंदवावे आणि वर्ट लगेच टाकून द्यावे. ठेवले तर ते हवेतील यीस्टनेही आंबू लागते. किण्वनापूर्वीचा, म्हणजे यीस्टने आंबवण्यापूर्वीचा, हायड्रोमीटरचा आकडा 1.048 आणि नंतरचा 1.012 असेल, तर बिअरमध्ये सुमारे 4.7 टक्के अल्कोहोल तयार होते. अशा बिअरच्या 100 लिटरसाठी साधारण 20 किलो माल्ट लागते. पाककृतीचे पहिले गणित इतके सोपे आहे.

पाककृती निवडताना नागपूरच्या संत्र्यांशी जुळणारा पर्याय बेल्जियमची गव्हाची बिअर, विटबिअर हा आहे. हूगार्डन गावातील या प्रकारची शेवटची ब्रुअरी 1957 मध्ये बंद पडली, आणि 1966 च्या सुमारास पियर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने लहान प्रमाणावर ती बिअर पुन्हा जिवंत केली. थोड्या भांडवलाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तिच्यात माल्टाच्या बरोबरीने न मोडवलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल पडते. तिकडची साल कडू जातीच्या संत्र्याची असते, तर आपल्या संत्र्याची साल पातळ, सुटी आणि अधिक सुगंधी असल्याने प्रमाण जसेच्या तसे उचलू नये. 100 लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास वाळलेली साल आणि तितकेच भरडलेले धणे, उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत घालून, तिथून चव पाहत वर-खाली करावे. आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांची साल हंगामात धुऊन, वाळवून साठवली, तर वर्षभराचा हा खर्च नगण्य राहतो. हॉप्स मात्र बहुतांश आयात होतात, महाग असतात आणि उष्णतेत लवकर खराब होतात. हॉप्सवर फारशी अवलंबून नसलेली बिअर निवडण्याचे हेही एक कारण आहे.

पाण्याकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम थेट पेल्यात दिसतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माल्टमधील फेनॉलशी मिसळले की बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. त्यावर साधे कार्बन फिल्टर पुरते. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर मॅशचा, म्हणजे माल्ट आणि पाण्याच्या मिश्रणाचा, पीएच 5.2 ते 5.6 या योग्य पट्ट्याच्या वर सरकतो आणि तुरटपणा येतो. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी तिथल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

नागपुरात खरी परीक्षा उन्हाळ्याची. गव्हाच्या बिअरचे किण्वन 18 ते 22 अंशांवर व्हायला हवे, यीस्ट स्वतः उष्णता सोडते आणि बाहेर मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उकळलेले वर्ट थंड करण्यासाठी नळाचे पाणीच तापलेले येते, तेव्हा एका टप्प्यात ते 20 अंशांवर आणणे अशक्य असते. आधी नळाच्या पाण्याने आणि नंतर चिलरने, म्हणजे शीतयंत्राने, गार केलेल्या पाण्याने, असे दोन टप्पे करावे लागतात. टाकी जुनी, हातफिरती घेतली तरी चालते, पण ग्लायकोल चिलर (सहज न गोठणारा द्रव फिरवून टाक्या थंड ठेवणारे यंत्र) जुना घेऊ नये, आणि त्याची क्षमता विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर मेमधल्या दुपारवरून ठरवावी. वीज गेल्यास चिलर चालेल इतका जनरेटर हवाच. पहिली बिअर दिवाळीनंतर लावावी : थंडी फुकट मिळते आणि चुका स्वस्तात पडतात.

आता दुसऱ्याच्या टाक्या. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चालू मायक्रोब्रुअरीच्या मालकाला आपली पाककृती देऊन, त्याच्याच परवान्यावर, त्याच्याच पबमध्ये एक बिअर काढणे. यात नफा जवळजवळ नसतो, पण 500 किंवा 1000 लिटर बिअर किती दिवसांत संपली आणि लोकांनी दुसरा पेला मागितला की नाही, हे समजते. त्याहून मोठी पायरी म्हणजे बाटलीबंद करण्याचा परवाना असलेल्या ब्रुअरीशी करार. बिरा 91 हा भारतीय बिअर ब्रँड सुद्धा 2015 मध्ये बेल्जियममध्ये करवून घेतलेल्या बिअरपासूनच सुरू झाला. मात्र इथे एका खेपेचा आकार समोरच्याची टाकी ठरवते आणि लेबलची नोंदणी वेगळी करावी लागते. खेप बिघडली तर माल्टाचे पैसे कोणाचे, पाककृती कोणाच्या मालकीची आणि यीस्ट कोण सांभाळणार, हे तिन्ही प्रश्न करारात लिहून घ्यावेत. तोंडी बोलण्यावर राहू नये.

स्वतःची जागा घेण्याची वेळ आली, तर परवाना असलेल्या उपाहारगृहाच्या मालकाला भागीदार करावे, कारण मायक्रोब्रुअरीची बिअर मुळात जागेवर, ताजी विकण्यासाठीच असते आणि ग्राहक त्याच्याकडे आधीच असतात. किण्वनाच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, त्यामुळे तिथे खालच्या बाजूने हवा खेळती ठेवणारा पंखा पहिल्या दिवसापासून असावा. गाळून उरलेला माल्टाचा चोथा जवळच्या गोठ्यावर द्यावा; गवळी तो आनंदाने नेतात, फक्त उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तो आंबतो, म्हणून न्यायला सकाळीच येण्याचे त्यांच्याशी आधी ठरवून ठेवावे.