शौचालयाची चावी कुणाकडे?

समाजकार्याची पदवी घेऊन मी एका नगरपरिषदेत कंत्राटी समुदाय संघटक म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात हातात टॅब पडला आणि पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण माझ्याकडे आलं. काम सोपं वाटलं. मंडईत जायचं, फोटो काढायचा, आधार क्रमांक टाकायचा, पुढच्या माणसाकडे वळायचं. कार्यालयात सही करून साडेदहाला निघायचे आणि अकरा ते पाच नोंदी घ्यायचे. बारा दिवसांत मंडई उरकली. साहेब खूश.

यादी फलकावर लागली आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस बायका कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. "म्याडम, मी लग्न होऊन आले तवापासून हितंच बसते. माझं नाव कुटं गेलं?" या पहाटेच्या पालेभाजीवाल्या. आसपासच्या गावांतून मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन चार-साडेचारला उतरायच्या आणि नऊपर्यंत माल संपवून एसटीने परत जायच्या. अकरा वाजता त्यांच्याच जागेवर प्लास्टिकची खेळणी मांडून एक जण बसलेला असायचा, आणि मी इमानदारीने त्याची नोंद केली होती. संध्याकाळी तिथेच भजीची गाडी लागते. एका जागेवर दिवसात तीन धंदे चालतात, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः बाई आहे, पण माझं घड्याळ कार्यालयाचं होतं.

या चुकीची किंमत समजून घ्या. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ लागू झाल्यापासून सर्वेक्षण म्हणजे नुसती शिरगणती राहिलेली नाही. सर्वेक्षण पुरं होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि यादीत नाव असेल तरच प्रमाणपत्राची वाट मोकळी होते. पुढचं सर्वेक्षण पाच वर्षांत कधीतरी. म्हणजे माझ्या साडेदहाच्या सवयीमुळे त्या बायका पाच वर्षं अतिक्रमणाच्या गाडीसमोर उघड्या पडल्या असत्या. हरकतींची मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा पहाटे चारला टॉर्च घेऊन गेले, आणि वेळ वाटून एकाच जागी विक्री करण्याचा उल्लेख याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, हे साहेबांना दाखवून एका जागेवर तीन नावं घ्यायला लावली.

तेव्हा नवीन लागणाऱ्याला माझं पहिलं सांगणं: पहिला महिनाभर टॅब बाजूला ठेवा. पहाटे, सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला असे चारही वेळा जा, आणि आठवडे बाजाराचा दिवस वेगळा धरा. जाऊन उभ्या राहू नका, बसा. उभी बाई वसुलीवाली वाटते.

बसल्यावर काय कळतं ते सांगते. आम्ही रीतसर "महिला विक्रेत्यांच्या गरजा" अशी बैठक घेतली होती. मुकादम, आरोग्य निरीक्षक, वसुलीच्या ठेकेदाराचा माणूस, सगळे हजर. बायकांना विचारलं, काय पाहिजे? छत पाहिजे, पाणी पाहिजे, कचरा उचला. फळ्यावर लिहून घेतलं, चहा झाला, फोटो झाला. पुढच्या आठवड्यात पहाटे एका मावशीशेजारी बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. घसा कोरडा पडला म्हणून बाटली काढली आणि तिच्यापुढे केली. तिने हात आडवा केला. "नको गं ताई. मी घरी जाईस्तोवर पाणी पीत नाही." का? तिने मानेनेच मंडईच्या मागची बाजू दाखवली. महिलांचं शौचालय होतं, फरशा बसवलेलं, उद्घाटनाच्या पाटीसकट. दाराला कुलूप. चावी ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो उगवायचा आठला. तोवर या बायका चार तास बसलेल्या. पुरुषांची मुतारी मात्र उघडीच असायची, तिला दारच नव्हतं. जळजळ, मुतखडा, पाळीच्या दिवसांत घरीच राहणं, हे सगळं मग एकेकीने हळूहळू सांगितलं. मुकादमासमोर भरलेल्या बैठकीत यातलं अक्षरही निघालं नव्हतं, आणि निघणार तरी कसं?

मी उत्साहाने टिपणी लिहिली. बांधकाम विभागाने नव्या शौचालयाचं अंदाजपत्रक केलं आणि ती फाइल पुढे बराच काळ टेबलाटेबलावर फिरत राहिली. माझीच चूक. मागायला हवी होती चावी, मी मागितली इमारत. इमारतीत सगळ्यांना रस असतो, चावीत कुणालाच नसतो. अखेर आरोग्य निरीक्षकांना एकदा पहाटे मंडईत घेऊन गेले. ते भले गृहस्थ. तिथल्या तिथे म्हणाले, दोन जादा चाव्या करून घ्या. एक लसूणवाल्या आक्कांकडे, एक फुलांच्या ओळीत. नंतर आत एक बल्ब लागला आणि दाराला आतून एक खिळा ठोकला. खिळा कशाला, असं मला मिस्त्रीने विचारलं होतं. दिवसाचा गल्ला कमरेच्या पिशवीत असतो. ती पिशवी ओल्या फरशीवर कुठे ठेवायची?

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने हाच विषय लावून धरला, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना महिलांच्या शौचालयांबाबत सविस्तर आदेश दिले. टिपणी लिहिताना या आदेशाचा आधार घ्या, वजन पडतं. पण आदेशात चावी कुणाकडे हे लिहिलेलं नसतं.

आता पावतीकडे येते. मंडईची रोजची वसुली बहुतेक ठिकाणी ठेक्याने जाते. ठेकेदाराची पोरं पहाटे फिरतात, पैसे घेतात, पावती देतात किंवा देत नाहीत. बायकांची पावतीसाठी घासाघीस कमी, कारण पोरगं "उद्या जागा बदलीन" म्हणतं. पण वर्षानुवर्षं या जागेवर बसल्याचा बाईकडे दुसरा कागद कुठला? गाळ्याचा करार नाही, वीजबिल नाही. पावती हाच तिचा पुरावा, आणि आमच्याकडे त्या पावतीवर ना नाव, ना जागेचा क्रमांक, ना धड तारीख. हे पोरांशी भांडून सुटत नाही. ठेक्याची मुदत कधी संपते ते लेखा विभागातून काढून घ्या आणि नवी निविदा निघायच्या आधी अटींमध्ये तीन ओळी घालून घ्या: दरफलक मंडईच्या दोन्ही तोंडांना लावायचा, पावतीवर तारीख आणि जागेचा क्रमांक टाकायचा, जादा वसुलीला दंड. निविदा निघाल्यावर कितीही मोर्चे आणले तरी उत्तर एकच, "पुढच्या वर्षी बघू."

ओट्यांची गोष्ट मला अजून टोचते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी नगरपरिषदेने नवी मंडई बांधली, पत्र्याचं छत, सिमेंटचे ओटे. ओट्याची उंची उभ्या पुरुषाच्या सोयीची. बायका ओट्यावर चढून मांडी घालून बसतात. गुडघे गेलेली साठीची बाई दिवसातून सहा वेळा त्यावर चढणार कशी? नकाशा पाहताना मी स्वतः हजर होते आणि मला हे सुचलं नाही. नंतर दर चार ओट्यांमागे एक पायरी बांधून घेतली. पण खरी वाट लागली ती सोडतीत. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या की तक्रारीला जागा राहत नाही, असं आम्हाला वाटलं. कागदावर सगळं स्वच्छ. महिन्याभरात निम्म्या बायका परत रस्त्यावर. अतिक्रमण विभाग वैतागला, "यांना सुखाची जागा दिली तरी नको."

कारण काय होतं? रस्त्यावर मेथीवालीच्या शेजारी तिची जाऊ, पलीकडे गावातलीच एक जण. एक चहाला गेली, पोराला शाळेत सोडायला गेली, शौचालयाला गेली, की दुसरी दोन्ही पाट्या सांभाळते. सुट्टे पैसे, तागडी, उरलेला माल घरी न्यायचा टेम्पो, सगळं सामाईक. कुणी दारुडा अंगचटीला आला तर तिघी एकदम उठतात. चिठ्ठीने जाऊ गेली मासळीच्या बाजूला आणि ही एकटी चौथ्या रांगेत. ती जागेवरून उठणार कशी? आम्ही जागा दिली आणि शेजार काढून घेतला. तुमच्या वाट्याला स्थलांतर आलंच तर सोडत गटांची काढा: तीन-चार जणींनी मिळून एक चिठ्ठी टाकायची आणि लागोपाठचे ओटे घ्यायचे. कायद्याने स्थलांतराच्या आधी ३० दिवसांची नोटीस लागते. ते ३० दिवस याच कामासाठी वापरा.

जप्तीबद्दलही थोडं. उचललेल्या मालाची यादी तिथेच द्यावी लागते, आणि विक्रेतीने मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत सोडावा लागतो. ही ओळ मराठीत मोठ्या अक्षरात छापून मंडईत लावा. छेडछाडीच्या तक्रारीसाठी, कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात स्थानिक समिती असते, असंघटित क्षेत्रातल्या बाईलाही तिथे जाता येतं. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या कर्जाबद्दल बँकवाले तुम्हाला रोज फोन करतील, त्यामुळे ते वेगळं सांगत नाही. एवढंच बघा, की कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या हातात असं होत नाही ना.

राहिली पथविक्रेता कायद्यातली नगर पथविक्रेता समिती. अध्यक्ष मुख्याधिकारी किंवा आयुक्त, किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. आमच्याकडे महिला निवडून आल्या आणि पहिल्या बैठकीला एकीचा नवरा आला, एकीचा दीर. बैठक सकाळी अकराला सभागृहात. अकराला सकाळचा धंदा आवरायचा असतो, चारला संध्याकाळचा मांडायचा असतो. दोन्हींच्या मधली दीडची वेळ आम्ही शोधली आणि जागा मंडईच्या वरची खोली. नवरे-दीर आपोआप गळाले, कारण ते दुपारी झोपतात. (हे मी साहेबांना कारण म्हणून लिहून दिलं नाही.) बैठकीआधी विषयपत्रिका मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवते, एकेक विषय. वाचता न येणाऱ्या सदस्येला तिथे नुसती सही करायला बोलवू नका.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बैठकीत बाई बोलली तर ते इतिवृत्तात आलं का, हे तपासायचं. लिपिक "चर्चा झाली" एवढंच लिहितो आणि विषय मरतो. तिसऱ्या बैठकीत मी मागचं इतिवृत्त वाचत होते. लसूणवाल्या आक्का मध्येच म्हणाल्या, "थांब. मी चावीचं बोलले हुते, ते कुटाय?" नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांनी लिपिकाकडे पाहिलं, लिपिकाने माझ्याकडे. आक्का हटेनात. शेवटी त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहिलं गेलं: पहाटे चारपासून चावी बाजारातल्या बाईकडे राहील. मग त्यांनी ते पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि अंगठा शाईत बुडवला.